घर सजवताना रंग सगळ्यात शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवं घर ताब्यात आलंय, दोन बेडरूम आहेत, हॉलचा रंग घरातल्या सगळ्यांना पसंत पडलाय, सोफाही बघून ठेवलाय. आता पडदे, दिवे, गालिचा वगैरे करताना लोक नेमक्या कोणत्या चुका करतात आणि त्या कशा टाळायच्या? घरांची आतली कामं करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. पण एक गोष्ट आत्ताच सांगतो. रंगाचे डबे अजून आणले नसतील तर आणू नका, आणि सोफ्याचे आगाऊ पैसे दिले नसतील तर आठवडाभर थांबा.

बिघडलेली घरं मी पुष्कळ पाहिली. त्यातली एकेक वस्तू सुटी घेतली तर चांगलीच असते, माणसांची आवडही वाईट नसते. गडबड होते ती क्रमात. जे सहज बदलता येतं ते आधी ठरतं, आणि जे बदलायला भिंत फोडावी लागते ते शेवटी, कामगार दारात उभे असताना, घाईघाईत ठरतं. रंगाचंच बघा. हजारो छटा मिळतात, हवी ती मशीनवर मिसळून मिळते. सोफ्याचं कापड मात्र दुकानात असेल त्यातूनच निवडायचं, पडद्याचंही तेच. मग रंग आधी पक्का करून त्याला जुळणारं कापड शोधत हिंडायचं कशाला? कापड निवडा, त्याचा तुकडा घरी आणा, आणि त्याला शोभेल असा रंग मागाहून बनवून घ्या. रंग शेवटी ठरवा म्हणतोय म्हणजे तो बिनमहत्त्वाचा आहे असं समजू नका. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर येईलच, कारण सर्वाधिक पश्चात्ताप तिथेच होतो.

सुरुवात भिंतींच्या तब्येतीपासून करा. ओल असलेल्या भिंतीवर कितीही महागडा रंग द्या, काही महिन्यांत फुगे येतात, पोपडे सुटतात आणि खापर रंगाऱ्यावर फुटतं. शंका असेल तर हातभर लांबी-रुंदीचा जाड, पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, त्याच्या चारही कडा चिकटपट्टीने भिंतीला घट्ट बंद करा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या. प्लॅस्टिकच्या आत, भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर ओल भिंतीतूनच येते आहे. कुठेतरी पाइप झिरपतोय, किंवा बाहेरच्या गिलाव्याला भेग आहे. थेंब खोलीकडच्या बाजूला दिसले तर खोलीतली दमट हवा थंड भिंतीला लागून तिचं पाणी होतंय, म्हणजे हवा खेळती करायला हवी. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि ‘वॉटरप्रूफ रंग मारून टाकू’ हा दोन्हींवरचा उपाय नाही. नवा सिमेंटचा गिलावा असेल तर त्याला सुकायला साधारण ४ आठवडे द्या. त्यात ओलावा असतो, क्षार असतात. वरून घाईने लांबी (भिंत गुळगुळीत करायची पुट्टी) भरून रंग चढवला की डाग फुटतात आणि लोणा लागल्यासारखी पांढरी पूड बाहेर येते.

आता टेप. मोजायचा आणि चिकटवायचा, दोन्ही लागतील.

बहुतेक जण वस्तू तेवढी मोजतात, ती वापरायला किती जागा लागते ते मोजत नाहीत. चार माणसांचं जेवणाचं टेबल घ्या. रुंदी ७५ सेंटीमीटर, लांबी १२० सेंटीमीटर. खोलीच्या नकाशावर ते सहज बसतं. पण माणूस खुर्ची मागे ओढून बसतो आणि उठतो, त्यासाठी टेबलाच्या कडेपासून मागे ७५ सेंटीमीटर तरी हवेत. एका बाजूने, बसलेल्या माणसाच्या पाठीमागून ये-जा होणार असेल तर तिकडे ११० सेंटीमीटर धरा. बेरीज करा: ७५ सेंटीमीटरच्या टेबलाने खोलीची २६० सेंटीमीटर रुंदी खाल्ली. दुकानातल्या भव्य हॉलमध्ये हे कळत नाही, कारण तिथे चारही बाजूंना मोकळं रान असतं.

म्हणून प्रत्येक मोठी वस्तू विकत घेण्याआधी तिची बाह्यरेषा मास्किंग टेपने जमिनीवर काढा. मग तिथे रोजचं वागून पाहा. घरातली एखादी साधी खुर्ची त्या टेपला लावून बसा, मागे सरकवा, उठा. दुसऱ्या कुणाला तरी मागून बादली घेऊन जायला सांगा. बाल्कनीचं दार पूर्ण उघडून पाहा, कपाटाचं दार कुठवर येणार तेही टेपनेच आखा. उंचीचा अंदाज यायला रिकामे खोके रचा. दोन दिवस ही टेप काढू नका. लोक पहिल्या दिवशी रेषा ओलांडायची नाही म्हणून जपून चालतात, दुसऱ्या दिवशी विसरतात आणि नेहमीसारखे चालतात. टेपवर कुठे पाय पडतोय ते तेव्हा बघा. जिथे सतत पडतो, तिथे सोफ्याचा कोपरा येणार असेल तर रोज गुडघा आपटणार हे नक्की.

काही मापं हाताशी असू द्या. घरातल्या मुख्य वाटेला ९० सेंटीमीटर मोकळे हवेत. सोफा आणि टीपॉय यांच्यात ४० ते ४५ सेंटीमीटर, म्हणजे पायही जातात आणि हातही पोचतो. पलंगाच्या ज्या बाजूने उतरायचं तिथे किमान ६०. कपडे टांगायच्या कपाटाची पुढून मागेपर्यंतची खोली ६० सेंटीमीटर लागते, कारण हँगरच साधारण ४५ सेंटीमीटर रुंद असतो आणि कपड्याच्या बाह्या त्याच्याही बाहेर येतात. जागा वाचवायला ५० सेंटीमीटरचं कपाट करवून घेतलं की शर्टाची बाही कायम दारात अडकते. पुस्तकांना मात्र २५ ते ३० पुरे. त्याहून खोल केलं की पुढच्या रांगेमागे दुसरी रांग लागते आणि मागची पुस्तकं विसरली जातात.

सोफ्याबद्दल आणखी एक. तो खोलीत मावेल का हे सगळे बघतात, खोलीपर्यंत पोचेल का हे कुणी बघत नाही. इमारतीचं दार, लिफ्ट, जिन्याचं वळण, घराचं दार आणि आतल्या पॅसेजचा काटकोन, हा सगळा रस्ता मोजा. दाराची चौकट मोजून चालत नाही. उघडलेल्या दाराची जाडी आणि त्यावरची मूठ वजा करून उरते ती खरी रुंदी. पाय सुटे होणारा किंवा दोन भागांत येणारा सोफा असेल तर ही डोकेदुखी निम्मी होते, तेवढं दुकानात विचाराच.

आधी वापर आणि मग सजावट, हे नवं खूळ नाही. १९२६ साली मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफुर्टमधल्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटरची खोली. काम करणाऱ्या बाईच्या हालचाली आणि फेऱ्या कमी कशा होतील याचा विचार करून त्यांनी कपाटं, ओटा आणि सिंक यांच्या जागा ठरवल्या. आजच्या मॉड्युलर किचनची ती पूर्वज मानली जाते. त्या आराखड्यावर टीकाही झाली, कारण त्यात एका वेळी एकच माणूस काम करू शकतो. तुमच्या घरात दोघं मिळून स्वयंपाक करत असाल तर कितीही नावाजलेला आराखडा तुमच्या उपयोगाचा नाही. ओट्याच्या उंचीचंही असंच आहे. ८५ ते ९० सेंटीमीटर हा प्रचलित आकडा आहे, पण जो रोज तिथे उभा राहतो त्याच्या कोपराच्या उंचीतून १० ते १५ सेंटीमीटर वजा करा आणि मग ठरवा. कंबर त्याची दुखणार आहे, कारागिराची नव्हे.

फर्निचर कुठे येणार हे टेपवर ठरलं की मगच इलेक्ट्रिशियनला बोलवा. घराघरांत मी बघतो, प्लगचा पॉइंट सोफ्याच्या पाठीमागे बरोबर मधोमध गाडला गेलेला असतो आणि एक्स्टेंशनची वायर खोलीभर पसरलेली असते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना उशाशी हात पोचेल असा पॉइंट हवा, आणि खोलीचा दिवा दाराशी तसाच पलंगाशीही बंद करता यायला हवा. त्यासाठी टू-वे स्विच लागतो आणि त्याची वायर भिंत उघडी असतानाच टाकावी लागते. राउटर, इस्त्री, व्हॅक्यूम क्लीनर, अभ्यासाचं टेबल, सोफ्याशेजारचा उभा दिवा या सगळ्यांची आत्ताच आठवण करा. आणि वायरिंग झाल्यावर, भिंती बुजवण्याआधी, प्रत्येक भिंतीला मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेवा. पुढे कधी ड्रिल मारायचं झालं की वायर आणि पाइप कुठे आहेत ते त्या फोटोत दिसतं. ही फुकटची गोष्ट आहे, तरी कुणी करत नाही.

दिव्यांवर जरा थांबतो, कारण घर ‘घरासारखं’ वाटत नाही अशी तक्रार आली की दहातल्या सात-आठ वेळा मला दोष दिव्यांत सापडतो. (हा माझा अंदाज आहे, कुणाची पाहणी नव्हे.)

नेहमीची चूक म्हणजे छताच्या मधोमध एक झगझगीत दिवा, किंवा फॉल्स सीलिंगमध्ये एकसारख्या अंतरावर ठोकलेल्या डाउनलाइटची रांग. वरून सरळ खाली पडणारा प्रकाश डोळ्यांखाली आणि हनुवटीखाली सावल्या पाडतो. माणसं आजारी दिसतात, खोली प्रतीक्षागृहासारखी दिसते. एकाच खोलीत निदान तीन कामांचे दिवे वेगवेगळ्या उंचीवर हवेत: खोलीभर पसरणारा मंद प्रकाश, वाचायला किंवा चिरायला थेट कामावर पडणारा, आणि एखादी भिंत किंवा कोपरा उजळणारा. तिन्हींचे स्विच वेगळे. संध्याकाळी नुसतं गप्पा मारत बसायचं तर छताचे दिवे लावावेच लागू नयेत.

दिवा घेताना वॅटवर जाऊ नका. वॅट म्हणजे वीज किती खातो, उजेड किती देतो ते ल्युमेनमध्ये लिहिलेलं असतं. त्याशेजारी केल्विनचा आकडा असतो. २७०० ते ३००० केल्विन म्हणजे पिवळसर, उबदार प्रकाश, ४००० च्या आसपास मधला पांढरा, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. बसण्या-झोपण्याच्या खोल्यांना माझी पसंती २७०० ते ३००० ला, स्वयंपाकाच्या ओट्याला आणि अभ्यासाला ४०००. ६५०० घरात मी शक्यतो लावत नाही. मात्र काहीही निवडा, एकाच खोलीत सरमिसळ करू नका. एक दिवा पिवळा आणि शेजारचा निळसर असला की दोन्ही घाण दिसतात. खोक्यावर सीआरआय नावाचा तिसरा आकडा असतो. त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात ते त्यावरून कळतं. ८० चे दिवे सगळीकडे मिळतात, पण आरशाजवळ, कपड्यांच्या कपाटाशी आणि चित्रांवर ९० च्या पुढचा घ्या, फरक दिसतो. डिमर, म्हणजे उजेड कमी-जास्त करायचा स्विच, लावायचा असेल तर एलईडी डिमरवर चालणारा आहे ना ते बघा. सगळे चालत नाहीत, काही लुकलुकतात, काही गुणगुणतात.

आणि छताला पंखा असेल तर डाउनलाइट त्याच्या पात्यांच्या वर येऊ देऊ नका. पंखा फिरला की पाती प्रकाश कापत जातात आणि सगळ्या खोलीत सावल्या लपलपत राहतात. दहा मिनिटांत डोकं दुखतं. आराखड्यावर पंखा स्थिर असतो म्हणून ही चूक कागदावर दिसत नाही. फॉल्स सीलिंगबद्दलही सांगून टाकतो: वायरी किंवा तुळया झाकायला, किंवा दिवे लपवायला खरंच गरज असेल तेवढ्याच भागात करा. ते छत सहज १० ते १५ सेंटीमीटर खाली आणतं, आणि मुळात बुटक्या खोलीत तेवढंही अंगावर येतं.

दिवे ठरले, सोफ्याचं आणि पडद्याचं कापड ठरलं, फरशी समोर आहे. आता रंग.

शेड कार्डावरचा, म्हणजे रंगाच्या छटा दाखवणाऱ्या दुकानातल्या कार्डावरचा, चार बोटांचा तुकडा फसवतो. कार्डावर त्याच्याभोवती पांढरा कागद असतो, भिंतीवर त्याच्याभोवती तोच रंग असतो. चार भिंती एकमेकींवर प्रकाश फेकतात, त्यामुळे कार्डावर हळूच वाटणारा पिवळा खोलीत अंगावर धावून येतो. माझा ठोकताळा असा की कार्डावर जो आवडला त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या फिकट किंवा जरा राखाडीकडे झुकलेला घ्यावा. पण ठोकताळ्यावर विसंबू नका, नमुना करा. छोटा डबा आणा, जाड पुठ्ठ्याच्या दीड-दोन फुटी तुकड्यांवर दोन हात द्या, कडेला बोटभर पांढरी पट्टी सोडा म्हणजे जुना रंग शेजारी येऊन गोंधळ घालणार नाही. थेट भिंतीवर चट्टे मारण्यापेक्षा पुठ्ठा बरा, कारण तो हलवता येतो. खिडकीसमोरच्या भिंतीला लावा, मग खिडकीच्याच भिंतीला लावा, जिथे प्रकाश मागून येतो आणि रंग सगळ्यात काळवंडतो. सकाळी बघा, दुपारी बघा, आणि रात्री तुम्ही निवडलेलाच दिवा लावून बघा. सोफ्याच्या कापडाचा तुकडा त्याला टेकवून बघा. दिवसा अगदी जुळणाऱ्या दोन वस्तू रात्रीच्या दिव्यात फारकत घेतात, हे वारंवार होतं. त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात आणि प्रकाश बदलला की त्यांचं वागणं बदलतं.

शेजारच्या रंगाचा परिणाम किती होतो याची एक खरी हकीकत आहे. पॅरिसमधल्या गोब्लँ या भिंतीपडद्यांच्या विणकामशाळेत मिशेल शेव्हरल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचे प्रमुख होते. तक्रार आली की काळा धागा फिका पडतो. त्यांनी धागा तपासला, रंगाईत काही खोट नव्हती. काळ्याच्या शेजारी जे निळे-जांभळे धागे विणले जात होते, त्यांच्यामुळे तो काळा मरगळलेला दिसत होता. १८३९ साली त्यांनी या विषयावर ग्रंथच छापला. तुमच्या घरात हेच होणार आहे. लालसर लाकडाच्या दाराशेजारी निव्वळ राखाडी भिंत हिरवट दिसू लागते, आणि मग रंगारी म्हणतो मी तर सांगितलेलाच डबा वापरला. तो खरंच बोलत असतो. फरशी, दारं, मोठं कपाट या गोष्टी बदलणार नसतील तर त्यांच्यात दडलेली झाक आधी ओळखा. पांढऱ्या कागदाचा कोरा ताव त्यांच्याशेजारी धरला की झाक लगेच उघडी पडते: ही फरशी पांढरी नाही, पिवळट आहे, ते दार तपकिरी नाही, तांबूस आहे.

चकाकीचंही भान ठेवा. चकचकीत रंग पुसायला सोपा, पण भिंतीचा प्रत्येक खड्डा-उंचवटा दाखवतो. बिनचमकीचा रंग दोष झाकतो, पण त्यावर हाताचे डाग राहतात. छताला बिनचमकीचा, पॅसेज आणि मुलांच्या खोलीला मंद चमकीचा आणि पुसता येणारा, दारा-चौकटींना चमकदार, असं सहसा जमतं. एका भिंतीला भडक रंग देऊन ती ‘हायलाइट’ करायची पद्धत मला फारशी पटत नाही. ज्या भिंतीकडे नजर जायला काही कारण आहे, पलंगाचं डोकं आहे, पुस्तकांचं कपाट आहे, तिलाच वेगळं करा. नुसती मोकळी दिसली म्हणून नको.

प्रत्यक्ष कामातला क्रमही लिहून ठेवा, कारण कंत्राटदार आपल्या सोयीने तो फिरवतात: गळती आणि प्लंबिंग, मग वायरिंग, छत, फरशी, सुतारकाम, रंगाचे पहिले हात, दिवे आणि फिटिंग, आणि सगळ्यांचे हात लागून झाल्यावर रंगाचा शेवटचा हात. फरशी झाली की ती लगेच पुठ्ठ्याने झाका. सुताराची पेटी ओढली की चरा जातोच.

पडद्यांत दोनच चुका वारंवार दिसतात, आणि दोन्ही कंजूसपणाच्या. कापड कमी घेतात आणि दांडी खिडकीच्या चौकटीवरच बसवतात. कापड खिडकीच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट हवं, तरच चुण्या पडतात, नाहीतर चादर वाळत घातल्यासारखं दिसतं. दांडी चौकटीच्या १५ सेंटीमीटर तरी वर आणि दोन्ही बाजूंना १५ ते २५ सेंटीमीटर बाहेर न्या. पडदा उघडल्यावर तो भिंतीवर थांबतो, काचेवर नाही, आणि खिडकी आहे त्यापेक्षा मोठी वाटते. लांबी जमिनीला जेमतेम टेकेल इतकी. सुती कापड धुतल्यावर आटतं, म्हणून शिवायच्या आधी ते धुऊन घ्या. उन्हाच्या खिडकीला रेशमी किंवा गडद कापड लावायचं तर मागे अस्तर हवंच, नाहीतर चुण्यांवर रंग उडतो.

गालिचाही असाच लहान घेतला जातो. टीपॉयखाली एकटाच पडलेला तुकडा खोलीला आणखी लहान करतो. सोफ्याचे आणि खुर्च्यांचे निदान पुढचे पाय त्यावर यायला हवेत. जेवणाच्या टेबलाखाली टाकणार असाल तर टेबलाच्या चारी बाजूंनी ६० सेंटीमीटर बाहेर, म्हणजे खुर्ची मागे ओढली तरी तिचे मागचे पाय गालिच्यावरच राहतात. एवढा मोठा परवडत नसेल तर तिथे गालिचा टाकूच नका.

आवाजाचा विचार मात्र जवळपास कुणीच करत नाही. चकचकीत फरशी, मोठ्या काचा, कोऱ्या भिंती आणि मोजकंच फर्निचर, फोटोत छान दिसतं. प्रत्यक्षात त्या खोलीत चार माणसं बोलायला लागली की कलकलाट होतो आणि टीव्हीचा आवाज वाढवत न्यावा लागतो. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. आवाज खणखणीत परतला तर कापडी सोफा, जाड पडदे, गालिचा, भरलेलं पुस्तकांचं कपाट यांपैकी काहीतरी तिथे लागणारच आहे, असं धरूनच खर्चाचा हिशेब मांडा.

खर्चाचं माझं मत स्पष्ट आहे. ज्याला रोज हात, पाठ किंवा पाय लागतो तिथे पैसे घाला: गादी, कामाची खुर्ची, नळ, दाराची मूठ, कपाटाच्या बिजागऱ्या आणि खण ज्यांवर सरकतात ते रनर. नुसतं बघायचं आहे तिथे हात आखडा. लोक नेमकं उलट करतात. कपाटावरचं लॅमिनेट, म्हणजे बाहेरून दिसणारा थर, दिमाखदार आणि आत हलक्या बिजागऱ्या, मग दोन वर्षांत दारं लोंबतात. फॅशनचंही असंच गणित आहे. फरशी, टाइल, किचनची कपाटं या गोष्टी दहा-पंधरा वर्षं डोळ्यांसमोर राहणार, त्यांना साधं ठेवा. जे काही नवलाईचं करायचं ते उशांच्या खोळींत, दिव्याच्या शेडमध्ये, एखाद्या खुर्चीत करा. एकाच दुकानातून सोफा, टीपॉय, टीव्ही युनिट आणि टेबल असा सेटच उचलणं टाळा. सगळं जुळतं खरं, पण खोलीत शोरूमचा वास राहतो. लाकडाच्या दोन-तीन छटा एकत्र आल्या तर बिघडत नाही, झाक मात्र एका जातीची असू द्या, तांबूस तर सगळ्या तांबूस.

साठवणीची जागा अंदाजाने ठरवू नका. आत्ताच्या घरातले कपडे, भांडी, अंथरुणं, बॅगा, सगळं एकदा टेपने मोजा. टांगायच्या लांब कपड्यांना दीड मीटरच्या वर उंची लागते, शर्टांना एक मीटर पुरतो, त्यामुळे शर्टांच्या भागात दोन दांड्या बसतात. उघडे कप्पे कमी ठेवा. ते सुंदर दिसतात ते धूळ पुसणारा कुणी दुसरा असेल तेव्हा. आणि शक्य असेल तर भिंतीत कायमचं बसवायचं सामान राहायला गेल्यावर महिना-दीड महिन्याने करा. चपला कुठे काढल्या जातात, पिशव्या कुठे टेकवल्या जातात, पेपर कुठे साचतात, ते घरात राहिल्याशिवाय कळत नाही.

चित्रं आणि आरसे सगळ्यात शेवटी. आरसा लावण्याआधी त्यात काय दिसणार ते बघा. खिडकी दिसली तर उजेड दुप्पट होतो, बाथरूमचं दार दिसलं तर तेही दुप्पट होतं. चित्रं बहुतेक घरांत फार उंच टांगलेली असतात. चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५० सेंटीमीटरवर, उभ्या माणसाच्या नजरेच्या जवळपास, येऊ द्या. सोफ्याच्या वर लावायचं तर हा नियम सोडा आणि खालची कड सोफ्याच्या पाठीपासून १५ ते २० सेंटीमीटर वर ठेवा, रुंदी सोफ्याच्या साधारण दोन-तृतीयांश. लहान फ्रेम अनेक असतील तर त्यांच्या मापाचे कागद कापून आधी मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा, हवे तसे सरकवा आणि मगच ड्रिल हातात घ्या. जड फ्रेमला एकाऐवजी दोन हूक लावा, थोड्या अंतरावर, लेव्हल लावून. एका हुकावरची फ्रेम दार आपटलं की तिरकी होते.